पड म्हणणारे तुम्ही कोण? डिझेलच्या झाडाआधी आमचा दावा



मोगली एरंड आपल्याला नवा नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून आपण तो कुंपणाला लावतो. त्याच्या काडीने दात घासतो. पोरं चिकाचे फुगे उडवतात, आणि बी खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात म्हणून म्हातारी ओरडते. इतके दिवस या झाडाला कोणी विचारत नव्हतं. आता त्याच्यासाठी साहेब लोक चढण चढून वाडीवर येऊ लागलेत. कागदावर त्याचं नाव जट्रोफा झालंय. त्याच्या बियांच्या तेलाचं डिझेल करायचं ठरलंय.

कर्जत-खालापूरच्या काही वाड्यांत अशी माणसं येऊन गेली. कोणी संस्थेचा म्हणून आला, कोणी कंपनीचा म्हणून. बोलणं सगळ्यांचं एकच: "ही तुमची वरकस नुसती पडून आहे. रोपं आम्ही देतो, बी आम्ही घेतो, तुम्ही फक्त इथे अंगठा करा."

आम्ही सरळ सांगतो. अंगठा करू नका. वनहक्काचा कागद हातात येईपर्यंत आपल्या दळीवर, वरकसावर आणि जंगलात डिझेलसाठी एक रोपही लागता कामा नये. असं का, ते या अंकात नीट मांडतो. वाडीत ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचून दाखवा.

तेलाची तहान कोणाची?

आपला देश जेवढं खनिज तेल वापरतो त्यातलं पाऊण हिश्शाहून जास्त बाहेरच्या देशांतून विकत आणतो. जुलै 2008 मध्ये एका पिंपाचा भाव 147 डॉलरपर्यंत चढला होता. तेव्हापासून सरकार आणि कंपन्या दुसरं तेल शोधण्याच्या मागे जास्तच लागलेत. यात वाईट काही नाही, घरात तांदूळ संपला की आपणही दुसरं काही शोधतो. पण ते कुठे शोधतात ते बघा.

एक वाट दगडी कोळशाची. कोळशाचा वायू करायचा आणि त्या वायूचं तेल करायचं. हिटलरच्या जर्मनीने लढाईत हेच केलं. काळ्या लोकांना माणूस न मानणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारनेही हेच केलं, कारण जग त्यांना तेल द्यायला तयार नव्हतं. आपल्या सरकारने 2009 मध्ये ओडिशात तालचेरला यासाठी दोन मोठ्या कंपन्यांना कोळशाचे साठे दिले. कोळसा जमिनीखाली असतो आणि जमिनीवर माणसं असतात. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, सगळीकडे त्या माणसांत आपले भाऊबंद आहेत.

दुसरी वाट डांबरी वाळूची. कॅनडा देशात अल्बर्टा नावाच्या मुलखात वाळूत मिसळलेलं डांबरासारखं तेल आहे. एक पिंप तेलासाठी सुमारे दोन टन वाळू खणावी लागते. त्याआधी वरचं जंगल साफ करावं लागतं. वाळू धुवायला नदीचं पाणी लागतं आणि धुतलेलं घाण पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवतात. तिथले आदिवासी क्री आणि डेने. शिकार आणि मासेमारी यावर त्यांचं जगणं. अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक आजारांची आणि बिघडलेल्या माशांची तक्रार वर्षानुवर्षं करतायत. बीव्हर लेकच्या क्री लोकांनी 2008 मध्ये सरकारवर दावा लावला. म्हणणं एवढंच, की करारात आम्हाला शिकारीचा हक्क दिलात, आणि शिकारीची जागाच खणून काढलीत.

तिसरी वाट झाडाच्या तेलाची. ही वाट आपल्या दारावरून जाते.

तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी आहे. तेल जाळणारा एकीकडे राहतो आणि जमीन जाते ती दुसऱ्याची. आपल्या वाडीत तेल किती जळायचं? रेशनवर मिळायचं तेवढं रॉकेल. खालापूरच्या टोलनाक्यावर घटकाभर उभे राहा आणि किती गाड्या जातात ते मोजा. मग सांगा, तहान कोणाची आहे.

हा डोंगर याआधीही जळलाय

शहराला जळण कमी पडलं की शहर डोंगराकडे बघतं, हे काही आजचं नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, पेट्रोल कूपनावर मिळू लागलं. तेव्हा देशभर मोटारी कोळशाच्या वायूवर चालवल्या. गाडीला लोखंडी शेगडी बसवायची, तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, आणि अर्धवट जळलेल्या कोळशातून निघणारा वायू इंजिनात सोडायचा. बाहेरून आणलेल्या तेलाला आपल्या देशाने तेव्हा शोधलेला हा पर्याय. तो कोळसा खाणीतला नव्हता, जंगलातल्या झाडांचा होता. लाकूड तोडणं, भट्टी रचणं, माती लिंपणं, रात्र रात्र राखण करणं आणि कोळसा पाडणं ही कामं कोणाच्या नशिबी असतात, हे कातकरी माणसाला वेगळं सांगायला नको. पेट्रोल परत आलं, मोटारवाले कोळसा विसरले. कातकऱ्याची उचल मात्र फिटली नाही. आजही दिवाळीनंतर अख्ख्या वाड्या कुलूप लावून कोळसा पाडायला आणि वीटभट्टीला जातात.

त्याच्याही आधी 1915 साली खोपोलीचं वीजघर चालू झालं, 1922 ला भिवपुरीचं. घाटावर धरणं बांधून पाणी अडवलं, नळातून खाली सोडलं, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. धरणात घाटावरच्या मावळ्यांची भातखाचरं गेली. आपल्या डोक्यावरून तारा गेल्या आणि खालच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चिमणी जळत राहिली.

लाकूड झालं, कोळसा झाला, वीज झाली. आता डिझेल. दर वेळी सांगितलं गेलं की हे देशासाठी आहे. देशात आपण आहोत की नाही, एवढंच कोणी सांगितलं नाही.

कागदावरचं झाड आणि डोंगरावरचं झाड

2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाचा हिशोब मांडला. डिझेलमध्ये शंभरात वीस भाग झाडाचं तेल मिसळायचं तर सुमारे 1 कोटी 12 लाख हेक्टर जमीन लागेल. हा आकडा डोक्यात बसत नसेल तर असं समजा: आपला अख्खा रायगड जिल्हा, समुद्रापासून घाटापर्यंत, घरंदारं-नद्यांसकट, साधारण 7 लाख 15 हजार हेक्टर आहे. असे पंधरा-सोळा रायगड जिल्हे फक्त एरंडाने भरायचे, आणि एवढं करून डिझेलचा पाचवा हिस्सा भागणार. उरलेले चार हिस्से बाहेरूनच आणायचे.

जमीन कुठून आणणार तेही समितीने सांगितलं. त्यात 30 लाख हेक्टर विरळ झालेलं जंगल धरलं होतं, आणि ते काम संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडून करून घ्यायचं होतं. ही समिती म्हणजे ग्रामसभा नव्हे. तिचा सचिव वनखात्याचाच माणूस असतो. शिक्का त्याच्याकडे, कागद त्याच्याकडे, आणि सही मात्र वाडीची.

आता उत्पन्नाचं बघू. हेक्टरी 2500 झाडं आणि पावणेचार टन बी, असा कागदावरचा हिशोब. पण खडकाळ उतारावर, पावसाळा संपला की आठ महिने पाण्याचा थेंब नाही, तिथे एवढं बी येत नाही. झाड जगतं, फळ धरत नाही. जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं, हे शेतकऱ्याला कळतं. नाशिककडच्या शेतकऱ्यांनी कितीतरी वर्षांपूर्वीच मोठ्या आशेने हा एरंड लावला होता. सांगितलेलं उत्पन्न आलं नाही आणि त्यांनी तो सोडला. बाहेर बघा. इंग्लंडच्या बीपी या बड्या तेल कंपनीने 2007 मध्ये जट्रोफात भागीदारी केली आणि 2009 मध्ये अंग काढून घेतलं. कंपनीला अंग काढून घेता येतं. तिला दुसरा धंदा असतो. आपली दळी एकदा एरंडाखाली गेली की आपण कुठे जाणार?

भावाचा हिशोबही करून बघा. 2006 पासून तेल कंपन्यांनी झाडाचं डिझेल 25 रुपये लिटरने घ्यावं असं सरकारने ठरवलं. एका लिटरला साडेतीन-चार किलो बी लागतं. बी गाळायचं, तेल साफ करायचं, टँकर भरायचा, गिरणीवाल्याने आणि दलालाने आपलं कापून घ्यायचं. पंचवीस रुपयांतून हे सगळं वजा करा. बी वेचणाऱ्या बाईच्या पदरात किलोमागे पाच रुपये पडले तरी खूप. शंभर रुपये रोज सुटायला तिने वीस किलो वाळलेलं, सोललेलं, साफ बी घालायला हवं. तेही झाडाला बी असेल तेव्हा. पहिली दोन-तीन वर्षं तर हाती काहीच नाही. तेवढी वर्षं खायचं काय? नाचणी पिकली तर भाकरी होते, पेंढा गुराला होतो. एरंडाचं बी विषारी, पेंडही विषारी. माणूस खात नाही, गुरू खात नाही. भाव पडला तर चुलीत घालायचं, दुसरा उपयोग नाही.

पड म्हणजे काय?

सरकारने डिसेंबर 2009 मध्ये जैवइंधन धोरण मंजूर केलं. त्यात म्हटलं होतं की खाण्याच्या पिकाची जमीन घ्यायची नाही, फक्त पडीक आणि नापीक जमिनीवरच लागवड करायची. ऐकायला चांगलं वाटतं. खरी गोम "पडीक" या शब्दात आहे.

आपली दळी इंग्रजांच्या राज्यापासूनची. डोंगरउतारावर ठाकर-कातकऱ्यांनी नाचणी, वरी करावी म्हणून जंगलखात्याने दिलेली. पुष्कळ ठिकाणी कागदावर नाव एकाचं आणि कसणारी घरं दहा. उतारावरची माती पातळ असते. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की जमिनीला विसावा द्यावा लागतो, म्हणून तो तुकडा सोडून आपण शेजारचा धरतो. सोडलेल्या तुकड्यात गवत वाढतं, गुरं चरतात, राबाला टहाळ मिळतो, पावसाळ्यात रानभाजी मिळते, कंद मिळतात. चार वर्षांनी परत तिथेच नाचणी होते.

साहेब येतो तो विसाव्याच्या वर्षी. त्याला गवत दिसतं. तो लिहितो, पड.

बाई बाळंतपणानंतर महिनाभर शेतावर आली नाही म्हणून तिला रिकामटेकडी म्हणाल काय? तसंच हे आहे. वरकस म्हणजे पड नव्हे. गुरचरण म्हणजे पड नव्हे. राबाचं रान म्हणजे पड नव्हे. ज्या जमिनीवर वाडीचं पोट आहे ती पडीक आहे की नाही, हे वाडीने सांगायचं. तालुक्याच्या गावी खुर्चीत बसून हे ठरत नाही.

आपल्यातलेच काही काय म्हणतात

आपल्यातलेच काही साथी विचारतात, आणि त्यांचं विचारणं खोटं नाही.

एक म्हणतो, "माझ्याकडे दळी नाय, वरकस नाय. लागवडीचं काम निघालं तर मला शंभर दिवस गावात मजुरी मिळंल. भट्टीवर जायला नको." या भावाला आमचं उत्तर असं: काम मागू या, जोरात मागू या. रोजगार हमीचा कायदा त्यासाठीच आहे. पण काम एरंडाचंच का? बांधबंदिस्ती मागा, तळी मागा, मोह-करंज-हिरडा-आंबा लावायचं काम मागा. खड्डा खणायची मजुरी सारखीच मिळते, झाड मात्र कामाचं राहतं. आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाच सामूहिक जंगलाचा सगळ्यात जास्त आधार असतो. लाकूडफाटा, भाजी, मासे, खेकडे, मध तो तिथूनच आणतो. जंगल एरंडाखाली गेलं तर पहिला उपाशी तोच.

दुसरा म्हणतो, "पण देशाचा पैसा बाहेर जातो, तो वाचायला नको का?" जरूर वाचवा. एकेकट्याने गाडी उडवायची सोडा. एस.टी. वाढवा, रेल्वे वाढवा, माल रेल्वेने न्या. ज्याने जास्त जाळलं त्याने आधी कमी करावं. भाकरी कमी पडली तर जास्त खाणाऱ्याच्या ताटातली आधी काढतात. उपाशी माणसाचं ताट आधी कोणी ओढत नाही.

तिसरा म्हणतो, "झाडाच्या तेलाला आपला विरोधच आहे का?" नाही. मोहाच्या बियांचं तेल आपण पिढ्यान्‌पिढ्या काढतो, करंजाचं तेल काढतो. आपल्या बांधाला आपण एरंड लावला आणि त्याचं बी विकलं, तर त्याला कोणाची ना नाही. उद्या वाडीने बसून ठरवलं, घाणा वाडीचा, तेल वाडीचं, त्यावर वाडीचं इंजिन चालवायचं, तर आम्हीच पुढे होऊ. पण आधी जमीन कोणाची ते ठरू दे. धन्याचं नाव लागण्याआधी पीक ठरवणारा हा धनी व्हायला निघालेला असतो.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

आपला रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. ग्रामपंचायतीत आपल्या वाड्यांची मतं थोडी पडतात. याचा फायदा उचलला जातो. पण वनहक्क कायदा इथेही पूर्ण लागू आहे. चार गोष्टी पाठ करा.

पहिली. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. कोर्टकचेरीतला अर्धवट कागद दाखवून कोणी "उठा" म्हणालं तर हे कलम सांगा.

दुसरी. कलम 3(1) मध्ये जुने पट्टे, भाडेपट्टे आणि सरकारने दिलेल्या जमिनी यांचं हक्कात रूपांतर करण्याची तरतूद आहे. दळीवाल्यांनी दावा भरताना ही तरतूद जरूर लिहा. सामूहिक जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा हक्कही याच कलमात आहे. नुसता प्लॉटचा दावा भरून थांबू नका, जंगलाचाही भरा.

तिसरी. ही फार थोड्यांना ठाऊक आहे. 1980 च्या वन संवर्धन कायद्यात 1988 ला दुरुस्ती झाली. तिच्यात चहा, कॉफी, रबर यांच्या बरोबरीने "तेल देणाऱ्या वनस्पती" हे शब्द आहेत. त्यांच्या लागवडीसाठी वनजमीन मोडणं म्हणजे बिगरवन वापर, आणि त्याला केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. म्हणजे आपल्या नाचणीला जे खातं अतिक्रमण म्हणतं, त्या खात्याला जंगल मोडून डिझेलचा एरंड आपल्या मर्जीने लावता येत नाही.

चौथी. 3 ऑगस्ट 2009 च्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिपत्रकाने बिगरवन वापराला वनजमीन देण्याआधी वनहक्काचे दावे पुरे करण्याची आणि ग्रामसभेची संमती घेण्याची अट घातली होती. संयुक्त वनव्यवस्थापन समितीची सही म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे.

आता करायचं काय

प्रत्येक वाडीने येत्या महिन्यात वनहक्काची ग्रामसभा लावा. निदान निम्मी हजेरी लागते, म्हणून लोक भट्टीवर जायच्या आत घ्या. बायांना पुढे बसवा. रान त्यांना जास्त ठाऊक असतं आणि वनहक्क समितीत तिसरा हिस्सा जागा त्यांच्याच आहेत. म्हाताऱ्यांना घेऊन शिवार फिरा. कोणता तुकडा कोणत्या साली नाचणीखाली होता, कोणता विसाव्याला आहे, गुरं कुठे चरतात, टहाळ कुठून येतो, हे नकाशावर मांडा. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालतो. मग खालचा ठराव वहीत उतरवा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, एक प्रत तहसीलदाराला आणि एक वनखात्याला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

ठराव

"आमच्या वाडीच्या वहिवाटीतील दळी, वरकस, गुरचरण व जंगल ही पडीक जमीन नाही. तिच्यावर आमचे वैयक्तिक व सामूहिक वनहक्काचे दावे आहेत. हे दावे पूर्ण होऊन हक्काचे कागद मिळेपर्यंत या जमिनीवर जट्रोफा किंवा इंधनासाठी कोणत्याही झाडाची लागवड करण्यास, जमीन भाड्याने देण्यास किंवा करार करण्यास या ग्रामसभेची संमती नाही. कोणत्याही समितीने किंवा व्यक्तीने परस्पर दिलेली संमती आम्हास मान्य नाही. दावे पूर्ण झाल्यावर कोणते झाड लावायचे, ते ही ग्रामसभा ठरवील."

ज्या वाडीत आधीच कोऱ्या कागदावर अंगठे घेतले असतील त्या वाडीने घाबरू नये. तोच ठराव करा आणि त्यात "दिलेले अंगठे आम्ही मागे घेत आहोत" ही ओळ घाला. ठरावाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात वाड्यांची यादी छापू. यादी लांब होऊ द्या.

जिंदाबाद!